नकारार्थी मान

परिषदेत मी माझा शोधनिबंध वाचत होते आणि शेवटच्या रांगेतल्या एक बाई सतत नकारार्थी मान हलवत होत्या. पडद्यावर विहिरींच्या पाण्यातल्या क्षारांचा तक्ता होता. तो त्यांना पटत नव्हता.

आमच्या विभागात नव्याने आलेली मीनल अधूनमधून एखादं निमंत्रण घेऊन येते. "मॅडम, ही परिषद खरी आहे का हो?" मी सांगते, समितीतल्या एखाद्या प्राध्यापकांना फोन कर, आपलं नाव तिथे आहे हे त्यांना तरी ठाऊक आहे का बघ. एवढं केलं की खोट्या परिषदा गळतात. पण खऱ्या परिषदांमध्येही मी असं पाहिलंय, की दीपप्रज्वलन आणि सत्कार दुपारपर्यंत चालतात, मग प्रत्येकाला पाच मिनिटं, टाळ्या आणि प्रमाणपत्र. ऐकताना कोणाची मान इकडची तिकडे होत नाही.

चहाच्या वेळी त्या बाई कप घेऊन माझ्याकडेच आल्या. "नमुने पावसाळ्यानंतर घेतलेत ना? उन्हाळ्यात घेऊन बघा. तुमचा निष्कर्ष टिकायचा नाही."

संध्याकाळी मी मीनलला फोन केला. म्हटलं, पुढच्या वर्षी तुझा निबंध इथे पाठव.