घड्याळ म्हणेल तेवढं वाढा

आटपाट ठाकुर्ली होती. तिथं एक सासू, म्हणजे मी. एक मुलगा, प्रवीण. एक सून, सुजाता. आणि सुनेच्या मनगटावर एक घड्याळ. आम्ही तिघं गप्प बसू, पण ते काही ना काही करून ठेवायचंच. त्याचे किस्से इतके साचलेत की पाहुणे आले की चहाआधी तेच बाहेर निघतात.

*

लग्नाला बरीच वर्षं झालेली, पण घरात पाळणा नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी सुजाताचं वजन उतरवा, मग पुढचं बघू. जिमला जायची तिला लाज. सायकल मात्र माहेरपासून आवडीची. प्रवीणनं सायकल आणली आणि आपलं घड्याळ काढून तिच्या हातात बांधलं. घाम किती गाळला ते म्हणे त्यात कळतं.

पहिल्याच सकाळी ती कल्याणच्या खाडीपुलापर्यंत जाऊन आली. घड्याळ म्हणालं, आठशे कॅलरी जळाल्या. प्रवीण म्हणाला, आई, आठशे म्हणजे दोन प्लेट मिसळ तरी! मला वाटलं, जळालं तेवढं भरून द्यायलाच हवं. दोन प्लेट वाढल्या. पावही गरम करून दिले.

*

पुढे सायकलवाल्यांचा ग्रुप जमला. त्यात सगळ्यात मोठे तांबेकाका, रेल्वेतून रिटायर झालेले. फेरी झाली की टपरीवर सगळ्यांनी मनगटं पुढे करायची, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला बाकीच्यांनी वडापाव खिलवायचा, असा त्यांचा नियम. रस्ता एकच, निघालेले एकत्र, आकडे मात्र प्रत्येकाचे वेगळे. एकदा तांबेकाका जिंकले.

सुजाता म्हणाली, "काका, चढावर तर तुम्ही सायकल हातात धरून चालत होता."

"मग? तुम्हाला सायकलीनं आणलं. मी सायकलीला आणलं."

*

एका रविवारी आंघोळीला जाताना तिनं घड्याळ माझ्याकडे दिलं. पाण्यात पडेल म्हणून मी हातात घातलं आणि भाकऱ्या थापायला लागले. थोड्या वेळानं ते थरथरलं. प्रवीणनं वाचून दाखवलं, शाब्बास, असंच चालत राहा. अरे, मी ओट्यापासून हललेले नव्हते! हात हलला की त्याला पाऊल वाटतं, आणि सायकलवर तर हात बिचारे हँडल धरून बसलेले.

सुजाता बाहेर आल्यावर म्हटलं, "तू पाय चालव, हात मी चालवते. दोघींचं मिळून काहीतरी होईल."

*

डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तर वजन उतरायचं सोडून चढलेलं. काट्यावरून उतरताना सुजाता कुणाकडे बघेना. रिक्षात म्हणाली, "आई, माझ्यानं नाही होणार. तुम्ही आशा सोडा." मी आशा सोडली नाही. तिचा हात धरला होता, तोही सोडला नाही.

घरी आल्यावर प्रवीण मोबाइल घेऊन घड्याळाच्या मागे लागला. बघतो तर आत उंची त्याची, वजन त्याचं. घड्याळाला अजून वाटत होतं की सायकल तोच मारतोय! नवऱ्याच्या अंगाच्या हिशेबानं बायको जेवत होती. ओशाळला बिचारा. म्हणाला, तुझं वजन सांग, आत्ता घालतो. सुजातानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या कानाशी वाकली.

मी आत जाऊन मिक्सर लावला. रिकामाच.

*

तेव्हापासून घड्याळाला विचारून वाढणं बंद. ती सायकल मारायची, मी तिच्या तोंडाकडे बघून वाढायचे. हळूहळू ड्रेस सैल झाले, डॉक्टरीणबाईही खूश झाल्या.

मग घड्याळानं नवंच खूळ काढलं. ती नुसती सोफ्यावर बसली तरी म्हणायचं, छातीचे ठोके वाढलेत, आराम करा. तांबेकाका म्हणाले, फेकून द्या. प्रवीण ते टेंभी नाक्याजवळच्या एका दुकानात दाखवायला निघाला, तर आम्ही दोघीही सोबत गेलो.

दुकानदारानं आधी स्वतःच्या हातात बांधलं. ठीक. प्रवीणच्या हातात बांधलं. ठीक. माझ्या म्हाताऱ्या हातातही ठीक. सुजाताच्या हातात बांधलं, तर पुन्हा तेच, आराम करा.

"घड्याळात काही बिघाड नाही, मावशी," तो म्हणाला.

मी सुजाताकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. प्रवीण आपला दुसरी घड्याळं दाखवा म्हणत होता.

"राहू दे रे," मी म्हटलं. "आधी डॉक्टरीणबाईंकडे चल."

सायकल सध्या गॅलरीत उभी असते. तिच्या हँडलवर दुपटी वाळतात.