तिसऱ्या मोटारीचा सिग्नल

शाळेत असताना नुजहत खोडरबर वापरत नसे. चुकलं की त्यावर एक रेघ मारायची आणि पुढे बरोबर लिहायची. पान नीटनेटकं दिसत नसे, पण काय चुकलं होतं ते दिसायचं.

आता ती आमच्या जिल्ह्याच्या शहरात, मंगळवार पेठेत आईजवळ राहते आणि घरातूनच प्रोग्रॅम लिहिते. गेल्या वर्षी पुण्यातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. तिची आई हाफिजाबी पेठ सोडायला तयार नव्हत्या, आणि नुजहत त्यांना सोडायला. त्याच वेळी नदीकाठच्या एका गावच्या पाणीपुरवठा संस्थेने मोटारी चालवायचा तिचा प्रोग्रॅम उन्हाळाभर लावून बघायचं ठरवलं. जमला तर कायमचं काम, नाहीतर पुणे. माझं थोडं रान त्याच संस्थेच्या पाण्यावर पिकतं, म्हणून पुढचं मला जवळून बघायला मिळालं.

नदीचं पाणी शेतांवर चढवणाऱ्या संस्थेच्या चार मोटारी. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक मोटारीवर एक थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, नेमलेला; एकाच घरात राहून आपापलं काम बघणारे चौघे म्हणा. एका दुपारी तिसऱ्या मोटारीचं मीटर बिघडलं. तिचा थ्रेड आकड्याची वाट बघत अडकून बसला. नुजहतने त्या एकट्याला जागं करायला सिग्नल धाडला, आणि सगळा प्रोग्रॅमच बंद पडला. प्रोग्रॅम गप्प झाला की मोटारी थांबाव्यात, ही सोय तिनेच करून ठेवलेली. चारही थांबल्या. त्या दिवशी पाणी घेणाऱ्या हंबीररावांच्या उसाची पाण्याची पाळी निम्म्यात राहिली.

संस्थेचा रिवाज असा, की लाईट जाऊन पाणी थांबलं तर पाळी बुडाली, दोष कुणाचाच नाही. संस्थेच्या चुकीने थांबलं तर मात्र आधी पाळी राहिलेल्याला पाणी, मग पुढच्याला.

पंपघरापाशी चेअरमन बाळासो आले. पोरीचं काम टिकावं असं त्यांना वाटत होतं.

"लाईट गेलती न्हवं?" त्यांनी विचारलं.

"गेली आसंल की," हंबीरराव म्हणाले. "माझी पाळी आली की तिला जायचंच आसतंय."

"लाईट होती काका," नुजहत म्हणाली. "माझं चुकलं."

"अगं, तुला कोण इचारतंय?" बाळासो हळूच पुटपुटले.

पण ती थांबली नाही. "सिग्नल एकट्यालाच गेला. पण तो आल्यावर काय करायचं, हे सगळ्या घराचं मिळून एकच ठरतं. मी ते आधी सांगूनच ठेवलं नव्हतं. सांगितलं नाही तर नियम असा आहे, की घरच बंद."

"म्हंजे धाकट्याला उठवाय गेलीस आन् समदं घर झोपवलंस."

"व्हय काका."

"मग माझी पाळी?"

"ती तुम्हाला परत मिळायला पाहिजे."

हंबीररावांना पाणी मिळालं आणि पुढची पाळी असलेल्या धोंडुबाईंचं लांबलं. "सिग्नल हिचा आन् वाळायचा माझा ऊस," असं त्या गावभर सांगत फिरल्या. हाफिजाबींनी पुण्याच्या तयारीने माळ्यावरची मोठी बॅग खाली काढून ठेवली.

पुढच्या आठवड्यात नुजहत परत आली. आता थ्रेड सुरू होण्याआधीच प्रोग्रॅमला सांगून ठेवलं होतं, की हा सिग्नल आला तर कुणी मरायचं नाही; ज्याला आला त्याने फक्त वाट बघणं सोडायचं. सगळ्यांसमोर तिने तिसऱ्या मीटरची वायर काढली आणि सिग्नल धाडला. थ्रेड जागा झाला, मीटर सापडेना म्हणून त्याने आपली मोटार थांबवली. बाकीच्या तीन चालूच राहिल्या. हंबीररावांनी पाइपावर हात ठेवून आत पाणी चालू असल्याची खात्री केली.

उन्हाळा संपल्यावर संस्थेने तिला काम दिलं. सभेत हरकत एकट्या धोंडुबाईंची.

"माझी पाळी चालू आसताना मला इचारल्याबिगर कुणाला उठवायचं न्हाय."

बाळासोंनी तसा ठराव लिहून घेतला. हाफिजाबींची बॅग माळ्यावर गेली. धोंडुबाईंच्या पाळीत एखादा थ्रेड अडकलाच, तर नुजहत आधी त्यांना फोन करते आणि त्या हो म्हणाल्यावरच सिग्नल धाडते.