ओला कोंडा

अकोल्याच्या त्या पत्र्याचे डबे बनवणाऱ्याला मी भर बाजारात लुच्चा म्हटलं, ही चूक माझी. लढाईच्या दिवसांत अंड्यांना मागणी होती, म्हणून अमरावतीजवळच्या माझ्या कोंबड्यांसाठी त्यानं रॉकेलच्या डब्यांची पेटी बनवून दिली होती. कोंबड्या टिपतील तसा तिच्यातून दाणा आपोआप खाली उतरे. कथलानं झाळलेला प्रत्येक सांधा तो नखानं वाजवून ऐकायचा.

पेटी भरून मी मोर्शीला लग्नाला गेलो. दहा-बारा दिवसांनी परतलो तर बहुतेक कोंबड्या मेलेल्या. तसाच अकोल्याच्या बाजारात जाऊन त्याच्यावर ओरडलो. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, त्यात भरलं काय होतं तुमी?"

घरी येऊन पेटी उघडली. उन्हाळ्यात आपण कोंबड्यांना ज्वारीचा कोंडा भिजवून घालतो, तसाच मी भरला होता. तो पेटीच्या तोंडाशी वाळून दगड झाला होता, खाली काही उतरलंच नव्हतं. लाजेनं मी हे कुणालाच सांगितलं नाही. त्याच्या पेट्या मात्र पुन्हा कुणी घेतल्या नाहीत.

काही वर्षांनी तो फुटक्या बादल्यांना डाग देत बसलेला दिसला. नखानं वाजवणं आता सुटलं होतं.

"कोंडा मीच ओला भरला होता," मी म्हणालो.

"मंग तवाच काहून नाई सांगतलं? मले पेट्या बनवनंच सोडा लागलं."

"माफ करा," एवढंच म्हणालो.