मामाजींच्या गाडीचा पंखा

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. शाळेच्या स्टाफरूममधली प्रत्येक कुचकट गोष्ट मी त्याला सांगते — ही एक सोडून. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरचे नाही. आणि आधीच बजावून ठेवते, डोळ्यांत पाणी वगैरे आणणार नाही. तसलं हवं असेल तर दुसरं दार बघा.

पहिली गोष्ट — पंखा बसवल्याचा मला पस्तावा नाही. आजही नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे. ते अल्लीपूरला शेती करायचे, आम्ही दोघं नोकरीपायी पिपरी मेघेला. त्यांच्याकडे एक जुनी पेट्रोलची गाडी होती. तिचा रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन हळू तर पंखाही हळू. हिंगणघाटला जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की मागे अडकून ही बया तापायची आणि मामाजी बॉनेट उघडून तिला शिव्या घालायचे. मी म्हटलं, विजेचा पंखा बसवू. बॅटरीवर चालतो, गाडी उभी असली तरी पूर्ण जोरात फिरतो. सगळे हसले. बाईमाणूस आणि बॉनेट!

काय म्हणून हसावं? दर उन्हाळ्याच्या तोंडाशी घरातले कूलर कोण उघडतं? वाळ्याच्या ताट्या बदलणं, पंपातला गाळ काढणं, मोटरच्या वायरी जोडणं — कोण करतं? मीच ना? तेव्हा नाही कुणाला माझं बाईपण आठवत.

तर मी इरेला पेटले. भंगारातून एका लहान गाडीचा पंखा आणला. जुना काढला, नवा रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांवर कसला, आणि डॅशबोर्डखाली बटण दिलं. बटण दाबून गाडीच्या पुढे गेले आणि जाळीसमोर तोंड धरलं. काय हवा! केस मागे उडाले. मामाजी आले, त्यांनीही तोंड धरलं.

"सूनबाई, हे तं कूलरले भारी हाय!"

मग शेजारीपाजारी आले. सगळ्यांनी पाळीपाळीने जाळीसमोर उभं राहून हवा खाल्ली. मी गावातल्या गल्ल्यांतून गाडी फिरवून आणली. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा मधेच राहिला. त्या दिवशी मी जमिनीवर नव्हते — खोटं कशाला बोलू?

आता विनोदभाऊजी. माझा धाकटा दीर. शिक्षणात मन नाही, शेतीत नाही, पण गाडीत होतं. ही गाडी भाड्याने चालवायची, लग्नाची वऱ्हाडं न्यायची, दवाखान्याचे पेशंट न्यायचे, असा त्याचा बेत. मामाजींनी अट घातली होती. "एक उन्हाळा नीट चालवून दाखव, मंग गाडी तुही." बापाने त्याच्यावर पहिल्यांदाच काही सोपवलं होतं. तो रोज गाडी पुसायचा. मला म्हणायचा, "वहिनी, पंखा कवा लावाचा, कवा बंद कराचा, सांगून ठेवजा." मी ऐटीत सांगितलं — बंद करायचाच नाही. सुरूच ठेवायचा.

आणि मे महिन्यात भाऊजी पहिल्याच लांबच्या भाड्याला निघाला आणि हिंगणघाटच्या पुढे, हैदराबादच्या रस्त्यावर, गाडीचं इंजिन गेलं. वाफेचा फवारा, इंजिनाचं हेड वाकलेलं, सगळं संपलं. ट्रॅक्टरला बांधून घरी आणली.

मामाजी अंगणात सगळ्यांसमोर बोलले. "ध्यान कुठी होतं तुहं? मोबाइलात?" तो म्हणाला, "बाबा, काटा तं मी पाहूनच राह्यलो होतो. चढला तसा थांबलो, पण तवर वाफ सुटली होती." कुणी ऐकलं नाही. पंख्यावर शंका? छे! पंख्याची हवा तर अख्ख्या गावाने खाल्ली होती.

मी दुसऱ्या दिवशी अल्लीपूरला गेले. दुपारी सगळे आडवे झाल्यावर गोठ्यात उभ्या गाडीकडे गेले. का गेले? कारण मला आतून काहीतरी खात होतं. कोपऱ्यातल्या गाठोड्यातून चिमूटभर कापूस घेतला, बटण दाबलं आणि कापूस जाळीसमोर धरला. तो उडून माझ्या पदरावर आला.

तुम्हाला कळलं का? आपल्याकडे पंखा बघायचा म्हणजे समोर उभं राहून हवा लागते का ते बघायचं. कूलरची सवय. पण गाडीचा पंखा हवा पुढे फेकत नाही — बाहेरची हवा आत ओढतो. कापूस जाळीला चिकटायला हवा होता. मी दोन वायरी उलट जोडल्या होत्या. पंखा उलटा फिरत होता. गावात हळू चालवताना भागून गेलं. मोठ्या रस्त्यावर समोरून येणारा वारा आणि माझा पंखा एकमेकांना भिडले, आणि रेडिएटरला हवाच मिळेना. काटा चढल्यावर भाऊजीने नक्कीच आधी बटण तपासलं असेल, सुरू आहे ना म्हणून. बंद केलं असतं तर गाडी वाचली असती! पण मी सांगितलं होतं — सुरूच ठेवायचा.

मी काय केलं? दोन्ही वायरींची अदलाबदल केली. पुन्हा कापूस धरला. चिकटला. हात धुऊन आत गेले आणि सगळ्यांसाठी चहा ठेवला. संध्याकाळी मिस्त्री आला, त्याने पंखा चालवून पाहिला आणि म्हणाला, फिटिंग एक नंबर आहे. मामाजींनी भाऊजीकडे पाहिलं. मी कपबशा गोळा करत होते.

का नाही बोलले? कारण बोलले असते तर गाडीचं काय झालं हे कुणी विचारलंच नसतं. 'बाईच्या हातात पाना दिला की असंच' — हे वाक्य मला जन्मभर ऐकावं लागलं असतं, आणि माझ्या मुलीलाही. हे खरं आहे. आजही खरं आहे, आणि मी ते कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण ते वाक्य माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून मी दुसरं एक वाक्य त्याच्या वाट्याला जाऊ दिलं. तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता. मी त्याच्याहून मोठी होते, शिकलेली होते, आणि मला पुरतं कळत होतं.

मामाजींनी गाडी विकली. पुन्हा त्याच्यावर काही सोपवलं नाही, बैलजोडीसुद्धा. तीन वर्षांनी ते गेले, ते हेच मनात धरून. तो आता हिंगणघाटला एका कापड दुकानात माल उलगडून दाखवतो. घरात सर्वांत चांगली गाडी त्याला चालवता येते, पण कुठे जायचं असलं की तो मुलं घेऊन मागे बसतो.

आणि मी? मी थांबले नाही. आमच्या जुन्या गाडीलाही मीच विजेचा पंखा बसवला, यावेळी कापूस धरून. भर उन्हाळ्यात नागपूर करून येते, काटा हलत नाही. माझा हात चांगला आहे. तो तेव्हाही चांगलाच होता, एकदा चुकला. चुकण्याची मला लाज नाही. लाज पुढची आहे.

गेल्या दिवाळीत भाऊजी आमच्याकडे जेवायला होता. भावाशी बोलता बोलता मामाजींचा विषय निघाला, आणि हा अगदी शांतपणे म्हणाला, "बाबाचं बराबर होतं, वहिनी. माहंच ध्यान नसंल त्या दिवशी."

ऐकलंत? ज्याने काटा पाहिला, चढल्याबरोबर गाडी थांबवली, बापासमोर मान वर करून खरं सांगितलं — तो आता स्वतःलाच खोटं ठरवतो.

माझ्या हातात भाताचं भांडं होतं. मी त्याच्या पानात भात वाढला आणि म्हटलं, "जाऊ द्या भाऊजी, कुणाकडून चूक होत नाही?"

म्हणजे मी त्याला — माफ केलं.