काकूंचा दुसरा दगड

केदारखेड्याच्या शिवारात ज्वारी दाण्यावर आली की शिवकन्याकाकू माळ्यावर चढतात. चाळीस वर्षं हे असंच चाललंय. चार लाकडी खांबांवर बाजेसारखा बांधलेला माळा, हातात गोफण आणि आवाज असा की पाखरंच काय, आम्ही शेजारीसुद्धा बांधावरून मागं सरकतो. यंदा मात्र त्यांचा सूरज जालन्याहून रजा टाकून आला तो आईला घेऊन जायच्याच तयारीनं. आईला आता दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. सुईत दोरा ओवता येत नाही, मोबाइलवरचा नंबर कळत नाही, मग माळ्यावरून पडली तर कोण बघणार?

"तिथं चौथ्या मजल्यावर बसून मी काय राखू?" काकू म्हणाल्या. सूरजनं रविवारी निघायचं, एवढं सांगून टाकलं.

शुक्रवारी सकाळी ज्वारीवर आभाळात ते पांढरं काहीतरी आलं. विमान नव्हे, पतंग नव्हे. आवाज नाही, नुसतं सरकत होतं, मध्येच थांबत होतं. अर्धं गाव रस्त्यावर आलं. कुणीतरी पोलिसांना कळवलं, पोलिसांनी आणखी वर कळवलं आणि शनिवारी थेट मिलिटरीची गाडी शाळेपुढं उभी राहिली.

जबाब द्यायचा म्हटल्यावर आमच्या गावाला काय चेव आला! अण्णासाहेबांनी त्या वस्तूला तीन खिडक्या बसवल्या. मी, आता लपवायचं कशाला, ट्रॅक्टरएवढी होती म्हणून सांगितलं. गाडीतून आलेले सुभेदार मराठी माणूस होते. आमचं सगळं शांतपणे लिहून घेत होते.

मग काकूंची पाळी आली. सूरज मध्येच म्हणाला, "साहेब, तिला दिसत न्हाई. तिचं नका लिहू."

काकूंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पांढरा फुगा व्हता. खाली दोरीला डब्याएवढं खोकं, त्याच्यावर लाल पट्टी. म्या दोन दगड मारले. पहिला खालून गेला, दुसरा पट्टीच्या कोपऱ्याला बसला. मंग ते लिंबामागून नदीकडं उतरलं."

आम्ही मनसोक्त हसलो. सूरजची मान खाली गेली आणि मला त्या दोघांचंही वाईट वाटलं.

जवान नदीकडं गेले. दोन तासांनी परतले तेव्हा एकाच्या हातात फाटका पांढरा फुगा होता आणि दुसऱ्याच्या हातात खोकं. त्यावर लाल पट्टी, आणि पट्टीच्या कोपऱ्याला चांगलाच पोचा. हवामानाचं यंत्र आहे, सुभेदार म्हणाले. मी हळूच अण्णासाहेबांच्या मागं सरकलो.

"पण काकू, काय आहे ते माहीत नसताना दगड का मारलात?" सुभेदारांनी विचारलं.

"ज्वारीवर आलं व्हतं ना साहेब," काकू म्हणाल्या. "कोन, कुठलं, ते मंग इचारता येतं."

सुभेदार पहिल्यांदाच हसले. जबाबाचा कागद त्यांनी सहीसाठी पुढं केला. काकूंनी तो नाकापाशी धरला, मग हात लांब करून धरला, शेवटी सूरजकडं दिला. "वाच बाबा. जवळचं मला खरंच दिसून न्हाई राह्यलं."

सूरज वाचू लागला. फुगा, खोकं, दोन दगड, लिंब. शेवटच्या ओळीशी तो अडखळला.

"वाच की."

"साक्षीदाराची लांबची नजर उत्तम. सांगितलेलं सर्व जागेवर तसंच आढळलं."

"पुन्हा वाच," काकू म्हणाल्या. त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी आम्हाला सगळ्यांना ऐकू जाईल असं.

रविवारी सकाळी मी शेतात गेलो तर सूरज माळ्याच्या शिडीला नवा दोर आवळत होता. वर काकू बसल्या होत्या आणि गाठ नीट बसली नाही म्हणून वरूनच त्याला झापत होत्या.