आक्काच्या खोलीची फट

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या शहापूरच्या घरी दारं रंगवायला एक रंगारी येऊ लागला. त्याला स्वस्थ उभं राहणं माहीतच नव्हतं. बोलता बोलता त्याचा अंगठा चौकटीवरून फिरायचा. लाकूड आणि भिंत यांच्यात केसाएवढी फट लागली तरी "हितनं वारं येतंय बगा" म्हणत तो खडू-तेल मळून केलेली लांबी भरून ती गुळगुळीत करायचा. मगच रंग.

आतल्या खोलीत माझी थोरली बहीण, आक्का, असे. विधवा झाल्यापासून ती चारचौघांत येत नसे. बहिणीचं लग्नही तिला तिथूनच ऐकायचं होतं. त्या चौकटीशी त्याचा अंगठा थबकला. फटीतून आक्काचा डोळा बाहेर बघत होता. तेवढी जागा सोडून तो पुढच्या दाराकडे गेला.

संध्याकाळी वडिलांनी, आप्पांनी, त्या फटीकडे बोट दाखवलं. "हे राहिलं."

"ऱ्हाऊ द्या, आप्पा."

"बुजव म्हटलं ना!"

"माझ्यानं हुयाचं न्हाय," म्हणत त्यानं सामान उचललं.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी दुसऱ्या माणसाकडून फट बुजवून घेतली. उद्यावर लग्न आलेलं. बाजारात तो भेटला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो चार पावलं गेला आणि परत आला.

"लांबी अजून वली आसंल. नखानं निगती. सांगा आक्कास्नी."

मी धावत घरी आलो. मला बघताच आक्कानं हात पदराखाली घेतला. तिची नखं पांढरी झाली होती.