डबीर सरांचा रिकामा डबा

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात देवास गेटच्या मागच्या गल्लीत बँकेच्या नि रेल्वेच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं फिरत असतात. त्यांतल्या कुणालाही अडवून विचारा, एम्प्टी आणि व्हेकंट यांत फरक काय? ते छातीठोकपणे सांगेल. कारण ते प्रभाकर डबीर सरांच्या पुढच्या खोलीतल्या सतरंजीवर बसून आलेलं असतं. सर सरकारी शाळेतून रिटायर झाले, पण इंग्रजीतून काही झाले नाहीत. आणि रिकामेपणावर तर त्यांचा असा काही जीव, की दर बॅचला एक अख्खा तास ते नुसत्या रिकामेपणावर घेत. शेजारचे कोचिंगवालेसुद्धा दारात उभे राहून ऐकत म्हणे!

"पेला एम्प्टी असतो," सर पेला उपडा करून दाखवत. "कागद ब्लँक असतो. बांबू हॉलो असतो. करार व्हॉइड होतो. और खाली दिमाग?" इथे ते एखाद्या पोराकडे रोखून बघत आणि वर्ग हसे. मग खरी मेख येई. "बसच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकता ना? ती सीट एम्प्टी आहे, बसलेलं कोणी नाही. पर वो व्हेकंट नहीं है! तिच्यावर कोणाचा तरी हक्क आहे. समझे?" पोरं माना डोलवत आणि सर खूश होत.

माणूस वाईट नव्हे. पण चूक दिसली की त्यांच्या जिभेला खाज सुटे. लग्नपत्रिका म्हणू नका, दुकानांच्या पाट्या म्हणू नका. राम घाटावर एका गुरुजींनी परदेशी पाहुण्यांसाठी इंग्रजी पाटी लावली होती. ती सरांनी वडिलांच्या श्राद्धाचा संकल्प चालू असताना, हातात दर्भ धरून, दुरुस्त करायला लावली. पितर ताटकळले, पण स्पेलिंग सुधारलं.

गणपतीत हेच नडलं. मंडळाच्या कार्यक्रमात आभार मानायला सरांच्या पत्नी, रजनीताई, उभ्या राहिल्या. उभ्या संसारात त्या कधी स्टेजवर चढल्या नव्हत्या. बोलल्या छान, आणि शेवटी एक वाक्य इंग्रजीत टाकलं, की आजचा हॉल व्हेकंट राहिला नाही याचा आनंद वाटतो. झालं! पहिल्या रांगेतून सर गरजले, "एम्प्टी! अगं, एम्प्टी म्हण!" लोक खो खो हसले. रजनीताई हात जोडून खाली उतरल्या. चार दिवसांनी पुण्याला मुलीकडे, अश्विनीकडे गेल्या, पंधरा दिवस राहून येते म्हणून. दसरा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली, तरी ते पंधरा दिवस काही संपेनात.

लोक विचारायचेच. कोपऱ्यावरचा ऑटोवाला तर रोज विचारी. "सरजी, मैडम नहीं दिखतीं आजकल?"

"आएँगी भई, आएँगी. घर एम्प्टी है, व्हेकंट थोड़े ही है!"

ऑटोवाला 'जी, जी' म्हणून सवारी शोधायला लागे. पण सर थापा मारत होते. बायको परत येणार की नाही, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. फोनवर ती गोळ्या घेतल्या का एवढं विचारी आणि फोन अश्विनीच्या हातात देई. सरांना भीती वाटत होती. आणि भीती वाटते हे ज्या एका माणसाला सांगता आलं असतं, तेच पुण्याला जाऊन बसलं होतं.

जेवणाचं मात्र बरं चाललं होतं. समोरच्या घरातल्या माई, रजनीताईंच्या जुन्या शेजारीण, रोज संध्याकाळी स्टीलचा डबा धाडत. कधी मेथीची भाजी, कधी वरणफळं, रविवारी दाल-बाफले. सर पोटभर जेवत, डबा घासूनपुसून लखलखीत करत आणि सकाळी माईंच्या ओट्यावर नेऊन ठेवत. आपण किती टापटिपीचे, याचं त्यांना कौतुकच वाटे.

एका सकाळी माई स्वतः दारात उभ्या. हातात तोच डबा.

"सर, आमचं काही चुकलं का?"

"छे हो माई! कालची कढी तर फर्स्ट क्लास होती."

"मग डबा रोज रिकामा का येऊन राहिला?"

सर चक्रावले. "अहो, जेवलो मी. जेवल्यावर डबा रिकामाच होणार. नीट धुऊन दिलाय ना?"

"धुऊन दिला, म्हणजे जसं काही आता पुन्हा पाठवू नका!" माईंनी डबा सरांपुढे धरला. "शेजाऱ्याचं भांडं कोणी रिकामं परत करतं का? साखरेचे चार दाणे का होईना, घालतात. रजनीनं उभ्या जन्मात माझा डबा रिकामा धाडला नाही. मी म्हटलं, पुरुषमाणूस आहे, विसरला असेल. पण रोज रोज कोण विसरतं? काल सूनबाई म्हणाली, सरांना नको असेल आपल्या घरचं, बंदच करा. आता बताओ!"

"माई, एम्प्टी या शब्दात तसा अपमान काही…"

"इंग्रजीत नसेल," माई म्हणाल्या, आणि डबा उंबऱ्याशी ठेवून चालत्या झाल्या.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! रिकामेपणाच्या साऱ्या छटा जगाला शिकवणारा माणूस, आणि रिकाम्या डब्यानं माणूस दुखावतं हे त्याच्या गावीही नव्हतं. सर स्वयंपाकघरात गेले. फळीवर एकासारखे एक डबे. एक उघडला, मीठ. दुसरा उघडला, रवा. तिसऱ्यात काय होतं ते त्यांना ओळखताच आलं नाही. आपल्याच घरात पाहुण्यासारखे ते उभे राहिले. मग त्यांनी पुण्याला फोन लावला. अश्विनीला म्हणाले, "आईला दे, आणि तू जरा बाजूला हो."

"रजनी, डब्यात साखर घालून परत करायचा असतो, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगायचं काय त्यात? तुमच्या डोळ्यांदेखत घालत होते. तुमचं लक्ष नसायचं."

मग मनात किती दिवस घोळवलेलं त्यांनी बाहेर काढलं. "त्या दिवशी मंडळात मी जे सुधारलं…"

"ते बरोबरच होतं," रजनीताई म्हणाल्या. "तुमचं बरोबरच असतं हो. आतल्या खोलीत भाजी निवडताना इतकी वर्षं तुमचा तास ऐकला मी. त्या सगळ्या शब्दांत तुमचा जीव व्हेकंटवर. तो म्हणताना तुमचा आवाजच बदलतो. म्हटलं, आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहते आहे, तर ह्यांच्या आवडीचा शब्द घालावा. तेवढंच ह्यांना बरं वाटेल."

सर तिथेच फरशीवर बसले.

"रजनी," ते म्हणाले, "घर खायला उठतं गं."

मग रजनीताई म्हणाल्या, "हे कुठल्या शब्दात बसतं तुमच्या?"

"कुठल्याच नाही."

"हं." त्यांनी नाक ओढल्यासारखं वाटलं. "साखर खालच्या फळीवर, पितळी डब्यात आहे. आधी माईंकडे जाऊन या, हात जोडा त्यांना."

"जातो. आणि तू?"

"मी इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात बोलते आता. नव्या वर्षाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे दिलंय. इंग्रजीही घालते अधूनमधून, आणि चुकतेही. तुम्ही या ऐकायला. शेवटच्या रांगेत बसायचं, आणि काहीही कानावर आलं तरी तोंड उघडायचं नाही. परतीचं तिकीट एक काढायचं की दोन, ते त्यानंतर बघू."

सरांच्या जिभेवर खूप काही आलं. ते सगळं त्यांनी गिळलं.

"बरं," ते म्हणाले.